रॉस बार्न्सला नियमाने संपवलं की तापाने?

१८७६ साली अमेरिकेत बेसबॉलच्या नॅशनल लीगचा पहिला सीझन झाला. त्यात शिकागो व्हाइट स्टॉकिंग्जच्या सेकंड बेसवर (रन काढायला ज्या चार टप्प्यांवरून धावायचं त्यातला दुसरा) खेळणाऱ्या रॉस बार्न्सने .४२९ ची सरासरी काढली, म्हणजे बॅट घेऊन उभा राहिला की दर दहातून चार-सव्वाचार वेळा हिट, चेंडू मारून बेस गाठलेला. ६६ मॅचमध्ये १२६ रन. लीगमध्ये सगळ्यात जास्त रन त्याचे, हिट त्याचे, ट्रिपल (एका फटक्यात तीन बेस) त्याचे, आणि वॉकसुद्धा (वाईट चेंडू सोडल्यावर फुकट मिळणारा बेस) त्याचेच. पुढच्या वर्षी हाच माणूस फक्त २२ मॅच खेळला, सरासरी .२७२. त्यानंतर तो पुन्हा कधीच तसा खेळला नाही आणि ३१ व्या वर्षी मोठ्या लीगमधलं करिअर खल्लास.

मधल्या हिवाळ्यात एक नियम बदलला होता. त्यामुळे जो तो एकच गोष्ट सांगतो, की बार्न्सची एक ट्रिक होती, लीगने ती बंद केली आणि बार्न्स बंद पडला. ऐकायला मस्त वाटतं पण इतकी गोळीबंद गोष्ट असली की मला जरा डाउटच येतो, म्हणून म्हटलं हे प्रकरण नीट खोलून बघूया.

आधी ट्रिक काय ती समजून घ्या, कारण क्रिकेटवाल्या माणसाला बेसबॉलचं फाउल प्रकरण पटकन डोक्यात जात नाही. बॅटर उभा असतो तिथून दोन रेषा निघतात, एक फर्स्ट बेसवरून जाते आणि दुसरी थर्ड बेसवरून, त्या दोन रेषांच्या आत चेंडू मारायचा, बाहेर गेला की फाउल. आजचा नियम असा की जमिनीवरून जाणारा चेंडू फर्स्ट किंवा थर्ड बेसच्या अलीकडेच रेषेबाहेर गेला तर फाउल. १८७७ च्या आधी मात्र फक्त पहिला टप्पा कुठे पडला एवढंच बघायचे. पहिला टप्पा आत पडला ना, मग तो चेंडू नंतर कुठे का जाईना, तो फेअर!

आता डोळ्यासमोर आणा. पिचर, म्हणजे इथला बोलर, ४५ फुटांवर उभा, हात खालून फिरवून टाकतोय, कारण तेव्हा खांद्यावरून टाकायला परवानगीच नव्हती. वरून हवाय की खालून हे बॅटर आधीच सांगू शकत होता. बार्न्स बॅट पूर्ण फिरवायचाच नाही, चेंडूच्या डोक्यावर तिरकी ठेवून दाबायचा, चेंडू होम प्लेटच्या, म्हणजे बॅटर उभा असतो त्या जागेच्या, पुढे हातभर अंतरावर आपटायचा, तोही रेषेच्या आत, आणि फिरकी घेऊन थर्ड बेसच्या बाहेरच्या बाजूला मैदानाच्या कडेला प्रेक्षक असतील तिकडे पळत सुटायचा. थर्ड बेसवाला त्याच्यामागे धावतोय तोवर हा फर्स्टला पोचून सेकंडचा अंदाज घेतोय. लेट कटच समजा ना, फक्त स्लिपच्या जागी कुणीच उभं नाही. याला फेअर-फाउल म्हणायचे. शोध लावला त्याचं श्रेय ब्रुकलिनच्या डिकी पिअर्स नावाच्या बुटक्या शॉर्टस्टॉपला (सेकंड आणि थर्ड बेसच्या मधला फील्डर) देतात पण हातखंडा होता तो बार्न्सचाच.

आणि खरी गंमत पुढे आहे. हा असं करणार हे माहीत असल्यामुळे थर्ड बेसवाला रेषेला चिकटून उभा राहायचा, मग त्याच्या आणि शॉर्टस्टॉपच्या मध्ये एवढं मोठं खिंडार पडायचं की त्यातून सरळ मारलेला साधा चेंडूही हिट. म्हणजे ट्रिक न वापरताही ट्रिकचा फायदा होतच होता. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता माणूस कोण होता ते. पूर्ण नाव चार्ल्स रॉस्को बार्न्स, जन्म ८ मे १८५० चा, न्यूयॉर्क राज्यातल्या माउंट मॉरिस गावचा. वाढला मात्र इलिनॉयमधल्या रॉकफर्डला. तिथे फॉरेस्ट सिटी नावाचा क्लब होता आणि त्यात जवळपास त्याच्याच वयाचा एक पिचर होता, आल्बर्ट स्पॉल्डिंग. हो, तोच, ज्याच्या नावाचे चेंडू अजून विकले जातात. जुलै १८६७ मध्ये वॉशिंग्टनची नॅशनल्स ही तगडी टीम पश्चिमेकडच्या दौऱ्यावर आली, वाटेत येईल त्याला धुवत होती, आणि शिकागोत या रॉकफर्डच्या पोरांनी त्यांना २९-२३ ने हरवलं. स्कोअर बघून दचकू नका, तेव्हा हातमोजे नव्हते, मैदानं खडबडीत, असे स्कोअर नेहमीचेच. नॅशनल्सची त्या दौऱ्यातली ही एकच हार. त्यांच्याकडून जॉर्ज राइट खेळत होता, त्या काळचा सगळ्यात भारी शॉर्टस्टॉप. बार्न्स तेव्हा १७ वर्षांचा.

चार वर्षांनी, १८७१ ला, पहिली उघड व्यावसायिक लीग सुरू झाली, नॅशनल असोसिएशन. बोस्टनची टीम बांधायला घेतली जॉर्जचा थोरला भाऊ हॅरी राइटने. हा हॅरी म्हणजे जन्माने इंग्लंडच्या शेफील्डचा, आधी क्रिकेटचा प्रोफेशनल, नंतर बेसबॉलमध्ये घुसलेला. त्याने रॉकफर्डहून स्पॉल्डिंग आणि बार्न्स दोघांना उचललं. मग बोस्टनकडे शॉर्टस्टॉपला जॉर्ज राइट, सेकंड बेसला बार्न्स आणि पिचिंगला स्पॉल्डिंग. पहिल्या वर्षी जॉर्ज जखमी झाला तर बार्न्सने शॉर्टस्टॉपही सांभाळला. १८७२ ते १८७५ सलग चार वर्षं बोस्टन चॅम्पियन. शेवटच्या वर्षी तर ७१ जिंकल्या आणि ८ हरल्या, त्याला स्पर्धा म्हणायची की काय म्हणायचं देव जाणे. बार्न्स त्या पाच वर्षांत तीनदा .४०० च्या वर गेला. पण १८७४ ला .३४० आणि १८७५ ला .३६४ अशीही त्याची वर्षं आहेत, आणि तेव्हा ट्रिक पूर्ण कायदेशीर होती. म्हणजे ट्रिक होती म्हणजे .४०० पक्के, असं काही नव्हतं.

फील्डिंगबद्दल लोक कमी बोलतात हे मला खटकतं. उघड्या हाताने सेकंड बेसवर उभं राहायचं, समोरून चेंडू गोळीसारखा येतोय, बोटं सुजलेली, आणि तरी बार्न्सचा पल्ला आणि फेक दोन्ही त्याच्या काळातल्या सेकंड बेसवाल्यांमध्ये पहिल्या नंबरचे मानले जायचे. इनफिल्डरची, म्हणजे बेसच्या आसपास उभ्या फील्डरची, किंमत आधी तिथे ठरते, बॅट नंतर.

मध्ये १८७४ ला एक भारी प्रकार झाला, तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. हॅरी राइटच्या डोक्यातून कल्पना निघाली की बोस्टन आणि फिलाडेल्फियाची अ‍ॅथलेटिक्स या दोन टीम घेऊन इंग्लंडला जायचं आणि साहेबाला बेसबॉल दाखवायचा. साहेबाने बेसबॉल बघितला, विशेष काही वाटून घेतलं नाही आणि म्हणाला आता क्रिकेट खेळा. मग हे १८ जण एकदम बॅटिंग-फील्डिंगला उतरायचे, अगदी लॉर्ड्सवर एमसीसीविरुद्धसुद्धा, आणि क्रिकेटमध्ये न हरता परत आले! अठरा जण फील्डिंगला म्हणजे गॅप शोधायचा कुठे, ते एक आहेच. बार्न्स त्या दौऱ्यात होता.

१८७५ च्या सीझनमध्ये शिकागोचा विल्यम हल्बर्ट बोस्टनच्या चार जणांना गुपचूप पुढच्या वर्षासाठी फोडतो. स्पॉल्डिंग, बार्न्स, कॅचर (इथला विकेटकीपर) डीकन व्हाइट आणि कॅल मॅकव्ही. सीझन चालू असताना दुसऱ्या टीमशी करार करणं नियमाबाहेर होतं, बातमी फुटली आणि बोस्टनची पोरं रस्त्यात त्यांना फुटीर म्हणून हिणवायला लागली. दक्षिणेची राज्यं फुटून निघाल्याने झालेलं अमेरिकेचं यादवी युद्ध संपून तेव्हा जेमतेम दहा वर्षं झाली होती, त्यामुळे बोस्टनमध्ये ही शिवी केवढी झोंबत असेल याचा अंदाज करा. तरी त्या चौघांनी बोस्टनला तो सीझन जिंकून दिला आणि मगच गेले. हल्बर्टला भीती की असोसिएशन आपल्या खेळाडूंना हाकलेल, तर त्याने फेब्रुवारी १८७६ मध्ये वेगळी लीगच काढली. आजची नॅशनल लीग ती हीच. थोडक्यात, चार खेळाडूंची पळवापळवी पचवायला अख्खी लीग उभी राहिली, त्या चारात बार्न्स एक.

२ मे १८७६, सिनसिनाटी. बार्न्सने या नव्या लीगच्या इतिहासातला पहिला होमरन मारला, पिचर होता चेरोकी फिशर. चेंडू गेला डाव्या मैदानात, लांब, जिथे लोकांच्या घोडागाड्या उभ्या होत्या तिकडे, आणि बार्न्स चारही बेस धावून घरी. हा ट्रिकचा फटका नव्हता, सरळ ताकदीने मारलेला होता. त्या वर्षीचे त्याचे १४ ट्रिपलही घ्या. दाबून काढलेल्या चेंडूवर एक बेस मिळतो, नशीब असेल तर दोन. तीन बेस म्हणजे २७० फूट धावायचं, १४ वेळा ते जमायला चेंडू लांब जावा लागतो आणि पाय असावे लागतात. वॉक तर तेव्हा जवळपास ९ वाईट चेंडू सोडल्यावर मिळायचा, तरी याने २० घेतले, इतकी नजर. (जुन्या पुस्तकांत १८७६ ची सरासरी .४०४ दिसली तर गोंधळू नका, त्या वर्षी वॉकसुद्धा बॅटरची एक संधी वाया गेली असं धरायचे, म्हणून आकडा खाली येतो.) शिकागो ५२-१४ ने पहिली चॅम्पियन.

मग हिवाळ्यात नियम बदलला. चेंडू फर्स्ट किंवा थर्ड बेस ओलांडेपर्यंत आत राहिला पाहिजे, नाहीतर फाउल. फेअर-फाउल मेला. आणि १८७७ च्या मे महिन्यातच बार्न्स आजारी पडला. थंडी भरून ताप यायचा, उतरायचा, परत यायचा, अंगात त्राण राहायचं नाही. तेव्हा याला एग्यू म्हणायचे, म्हणजे बहुतेक आपला हिवताप, आणि इलिनॉयचा दलदलीचा भाग तेव्हा यासाठी बदनामच होता. डासामुळे होतो हे कळायला अजून वीस वर्षं होती, ते रोनाल्ड रॉसने १८९७ ला सिकंदराबादेत शोधलं. तोवर क्विनाइन घ्या आणि पडून राहा. बार्न्स सीझनच्या शेवटाला परत आला पण तो वेगळाच माणूस होता. शिकागो सहा टीमच्या लीगमध्ये पाचवी.

तर प्रश्न हा की दोषी कोण.

नियमवाल्यांची बाजू आधी प्रामाणिकपणे मांडतो. ट्रिक गेली म्हणजे नुसते ते हिट गेले असं नाही, वर म्हटलं ते खिंडारही बुजलं, कारण आता थर्ड बेसवाल्याला रेषेला चिकटायची गरज उरली नाही. म्हणजे दुहेरी फटका. आणि तब्येत सावरल्यावर १८७९ ला सिनसिनाटीकडून शॉर्टस्टॉप खेळला तेव्हाही सरासरी .२६६ च, १८८१ ला बोस्टनला परत गेला तेव्हा .२७१. ताप दोन-चार वर्षं टिकतो का, असं ते विचारतात. मुद्दा बिनबुडाचा नाही.

काही लोक उलट बाजूने सांगतात की नियम बदलूनही १८७७ ला अख्ख्या लीगची सरासरी खाली आली नाही, उलट .२६५ वरून .२७१ वर गेली, म्हणजे नियमाचा काही परिणाम नव्हता. हे मला पटत नाही. ट्रिक सगळेच वापरत नव्हते, मोजक्यांना जमत होती, मग लीगच्या सरासरीत ती दिसणार कशी? बार्न्सचं बार्न्समध्येच बघायला पाहिजे.

आणि बार्न्समध्ये बघितलं तर मला सगळ्यात बोलका पुरावा ट्रिपलचा वाटतो. १८७६ ला १४. त्यानंतर १८७७, १८७९, १८८१ असे तीन सीझन मिळून एका हाताच्या बोटांवर मोजता येतील इतके. फेअर-फाउलच्या नियमाने लांब मारायला कुणी बंदी केली नव्हती. खिंडार बुजलं म्हणून सिंगल जातील, लांबचे फटके आणि तीन बेस धावायची ताकद का जाईल? ते गेलं कारण पाय गेले. शिवाय नियम माणसाला पलंगावर नाही पाडत, १८७७ ला तो मे महिन्यापासून सीझनच्या शेवटच्या टप्प्यापर्यंत मैदानातच नव्हता हे तर उघड आहे. माझा हिशोब असा की नियमाने त्याचे वर्षाला काही सिंगल आणि डबल नेले असते, .४२९ चा बार्न्स .३५० च्या आसपास आला असता, तोही लीगमधला अव्वलच. .३५० वरून .२७० पर्यंत मात्र तापाने आणलं. आणि त्यात दुर्दैव असं की दोन्ही एकाच वर्षी झालं, त्यामुळे नंतरच्यांना सोपं कारण आयतं मिळालं. नियमाची तारीख सापडते, तापाची फाइल कुठे सापडणार?

अजून एक गोष्ट यात मिसळली आहे, पिचिंग. त्याच वर्षांत कर्व्ह बॉल, म्हणजे हवेत वळणारा चेंडू, पसरत होता, पिचरचा हात हळूहळू वर येत होता, बॅटरचं काम सगळ्यांसाठीच अवघड होत होतं. १८७९ ला लीगची सरासरी .२५५ होती, त्यात .२६६ म्हणजे हा अजून सरासरीच्या थोडा वरच. संपलेला माणूस नव्हता, साधा खेळाडू झाला होता. पण .४२९ बघितलेल्यांना साधा म्हणजे संपलेलाच वाटतो.

आता या प्रकरणातला माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात कमी सांगितला जाणारा भाग. आजारपणाच्या काळातला पगार क्लबने दिला नाही. बार्न्स कोर्टात गेला, साधारण हजार डॉलरचा दावा. या प्रकारच्या पहिल्या काही खटल्यांपैकी हा एक. कुक काउंटीच्या कोर्टाने निकाल क्लबच्या बाजूने दिला, खेळला नाहीस तर पैसे नाहीत. त्या सीझनला शिकागोचा कॅप्टन-मॅनेजर कोण होता? आल्बर्ट स्पॉल्डिंग. रॉकफर्डची तीच दोन पोरं, एक आजारी पडून पगार मागतोय, दुसरा क्लबच्या बाजूला उभा, आणि त्याच सुमाराला शिकागोत त्याचं खेळाच्या सामानाचं दुकान जोरात चालू झालेलं. स्पॉल्डिंग मनाने वाईट होता असं मी म्हणत नाही, पण पैसा कोणत्या टेबलावर आहे हे त्याला बार्न्सच्या फार आधी कळलं होतं. दोन वर्षांत मालकांनी रिझर्व्हची पद्धत आणली, आधी प्रत्येक टीममागे पाच खेळाडू, की यांना दुसऱ्या कुणी घ्यायचं नाही. १८७५ ला चौघांनी जे केलं ते पुढे कुणाला करता येऊ नये म्हणून. आणि ते चौघे फोडून आणणारा हल्बर्टच तेव्हा लीगचा अध्यक्ष, घ्या आता!

१८७८ ला बार्न्स कॅनडात ओंटारिओमधल्या लंडनच्या टेकम्सेझ क्लबकडे गेला, ती टीम सीझन संपायच्या आतच बुडाली. मग सिनसिनाटी, मग बोस्टन, मग संपलं. १८९० ला खेळाडूंनी मालकांविरुद्ध बंड करून स्वतःची प्लेयर्स लीग काढली तेव्हा बार्न्स तिथे अंपायर म्हणून उभा होता, आणि ती लीग मोडायला मालकांच्या बाजूने पुढे कोण होता तर पुन्हा स्पॉल्डिंग. बार्न्सने त्यात उघड काही भूमिका घेतली असं नाही, अंपायरिंगचे पैसे मिळत होते म्हणूनही गेला असेल. लीग एका वर्षात बंद. पुढे शिकागोतच नोकरी केली, ५ फेब्रुवारी १९१५ ला तिथेच वारला, ६४ व्या वर्षी. पुरलं मात्र रॉकफर्डला.

बेसबॉलच्या दिग्गजांचा मान असलेल्या हॉल ऑफ फेममध्ये तो नाही. कारण बघितलं तर डोकं फिरतं. खेळाडू म्हणून आत जायला किमान १० सीझन लागतात, बार्न्सचे होतात ९. त्यातही १९६९ ला बेसबॉलच्या रेकॉर्ड कमिटीने ठरवलं की नॅशनल असोसिएशन ही मोठी लीग नव्हती, वेळापत्रक धड नव्हतं, टीम मध्येच बंद पडायच्या वगैरे. म्हणजे अधिकृत हिशोबात बोस्टनची ती पाच वर्षं गायब, आणि उरतात चार सीझन, त्यातला एकच निरोगी आणि जुन्या नियमाखालचा. सगळं धरलं तर ४९९ मॅच, ८६० हिट, ६९८ रन आणि .३६० ची सरासरी, म्हणजे मॅचमागे जवळपास १.४ रन. हॅरी राइट आत, जॉर्ज राइट आत, स्पॉल्डिंग १९३९ पासून आत. २०१३ ला डीकन व्हाइटलाही आत घेतलं, वारल्यावर सत्तर-पंचाहत्तर वर्षांनी. त्याच वर्षी बेसबॉल संशोधकांच्या सेबर या संघटनेने १९ व्या शतकातला दुर्लक्षित दिग्गज म्हणून बार्न्सची निवड केली. बोस्टन सोडून आलेल्या त्या चारपैकी दोन आत आहेत, बार्न्स आणि मॅकव्ही अजून बाहेर.